लासूरकर बाईंची मोटार

गेल्या उन्हाळ्यात जालना रोडवर, चिकलठाण्याच्या अलीकडं, एका तरुणाची मोटार रस्त्याच्या कडेला उभी होती. बॉनेट उघडं, आतून वाफा येत होत्या, आणि तो गार पाण्याची बाटली रेडिएटरच्या तोंडाशी नेत होता. मी रिक्षात होतो. रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात मारून मी खाली उतरलो आणि ओरडलोच, "ओतू नका! निवू द्या आधी!"

तो दचकला. म्हणाला, "काका, तुम्ही मेकॅनिक आहात का?"

"नाही. शाळामास्तर होतो."

तो हसला, पण बाटली खाली घेतली. मी परत रिक्षात बसलो. मला मोटार चालवता येत नाही. इंजिनाबद्दल जे काही थोडं कळतं ते लासूरकर बाईंमुळं, आणि "निवू द्या आधी" हे शब्दही त्यांचेच. त्या दिवशी घरी पोचेपर्यंत दुसरं काही डोक्यात आलं नाही.

कुमुद लासूरकर गुलमंडीच्या मागच्या एका शाळेत गणित शिकवायच्या. मी त्या शाळेत लागलो तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. मी वैजापूर तालुक्यातल्या खेड्यातून आलेला. आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला मीच. माझ्या पदवीचा कागद सुलटा कुठून धरायचा हे वडलांना कळत नव्हतं, पण त्यांनी तो देव्हाऱ्यात ठेवून त्याला कुंकू लावलं होतं. असा मी, पहिल्याच तासाला वर्गापुढं उभा राहिलो आणि "हे लई सोपं आहे" म्हणालो. वर्ग हसला. पुढचा अर्धा तास मी काय बोललो ते मलाच आठवत नाही. मधल्या सुट्टीत मी शिक्षकांच्या खोलीत न जाता जिन्याखाली उभा राहिलो. तिथं बाई आल्या.

"निकम सर, पोरं हसली म्हणून भाषा बदलू नका," त्या म्हणाल्या. "आवाज बदला. तो भिंतीकडं जातोय. पोरं भिंतीत नाहीत, बाकांवर आहेत."

पुढं महिनाभर त्यांनी मला स्वतःच्या तासाला मागच्या बाकावर बसू दिलं. मी शिक्षक झालो तो त्या बाकावर. त्यांचं शिकवणं दिसायला काहीच नव्हतं. बदामी रंगाची सुती साडी, खांद्यावर पिन, हातात खडू. फळा पुसायला डस्टर असायचं, पण त्या मनगटानंच पुसायच्या, त्यामुळं संध्याकाळपर्यंत त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत पांढरा झालेला असायचा. कुणी घाईनं उत्तर सांगितलं तर त्या म्हणायच्या, "उत्तर राहू दे. पायऱ्या दाखव." दोन पोरं भांडत आली तर कोण खरं कोण खोटं हे त्या विचारायच्याच नाहीत. "निवा आधी. मग बोला," म्हणून दोघांना दोन खिडक्यांशी उभं करायच्या. घटकाभरानं पोरं काय सांगायचं होतं तेच विसरलेली असायची.

एकदा मुख्याध्यापकांकडून मला सगळ्यांसमोर बोलणी बसली. मी राजीनामा लिहून बाईंना दाखवायला नेला. त्यांनी तो न वाचता घडी करून स्वतःच्या पर्समध्ये टाकला. "सोमवारी देते," म्हणाल्या. "तोवर निवू द्या." सोमवारी मी तो मागितला नाही आणि त्यांनीही दिला नाही.

बाईंना चहाही गरम चालत नसे. बशीत ओतून त्यावर साय धरेपर्यंत ठेवायच्या. शिपाई चिडवायचा, "बाई, ह्याला चहा नाय म्हणत, ह्याला खीर म्हणत्यात." त्या "व्हय रे बाबा" म्हणून तो गार चहा एका घोटात प्यायच्या आणि उठायच्या. उठताना टेबलाला धरून उठायच्या. कायम थकलेल्या असायच्या, पण त्याबद्दल बोलायच्या नाहीत. आपण उंच आहोत हे जसं कुणी सांगत बसत नाही तसं.

काही महिन्यांनी त्यांनीच मला त्यांच्या घरामागची खोली राहायला दिली. त्यांचं घर गुलमंडी आणि औरंगपुऱ्याच्या मधल्या एका गल्लीत होतं. घरात त्या आणि त्यांचे वडील. वडलांना सगळी गल्ली वकीलसाहेब म्हणायची. निजामाच्या काळात उर्दूतून वकिली शिकलेले, बोलण्यात अर्धी मराठी, अर्धं "बरखुरदार" आणि "माशाल्ला". आता गुडघे गेले होते. पुढच्या खोलीत खाटेवर बसून दर थोड्या वेळानं ते "कुमुद!" म्हणून हाक मारायचे. पाणी हवं म्हणून, चष्मा हवा म्हणून, आणि काही नको असलं तरी ती घरात आहे ना हे बघायला म्हणून. आवाज कोर्टाला शोभणारा. गल्लीतली पोरं लपंडाव खेळताना त्याच आवाजात "कुमुद!" ओरडून राज्य द्यायची.

आणि दारापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती मोटार होती.

दोनच माणसांची, बुटकी, वर टप नसलेली, लांब नाकाची विलायती गाडी. वाळलेल्या कडीपत्त्यासारखा रंग, सायकलीच्या चाकासारख्या तारांची चाकं, पाठीवर एक जादा चाक बांधलेलं. पोलीस ॲक्शननंतर शहरातली बरीच माणसं सामानसुमान विकून निघाली, त्यात एक गोरा इंजिनिअर होता. त्याच्याकडून वकीलसाहेबांनी ती घेतली. ते तिला मेमसाहेब म्हणायचे. मी पाहिलं तेव्हा ती वीस-बावीस वर्षं स्वतःहून हललेली नव्हती.

पण दसऱ्याला ती निघायची. त्या घराची रीतच होती तशी. सीमोल्लंघन वाहनानंच करायचं, आणि वाहन बंद असलं तर ते ढकलत न्यायचं, पण सीमा ओलांडल्याशिवाय ठेवायचं नाही. सीमा म्हणजे पैठण गेट, जुन्या शहराची वेस. सकाळी मोटार धुऊन पुसून झेंडूच्या माळा घालायच्या, नाकावर स्वस्तिक काढायचं. दुपारी वकीलसाहेब शेरवानी घालून आत बसायचे, आणि गल्लीतले पुरुष मागून ढकलत गुलमंडीवरून तिला गेटाबाहेर न्यायचे. सुकाणू धरायला कुणीतरी पुरुष माणूस बसायचा. बाई आपट्याच्या पानांची परडी घेऊन मागून चालत यायच्या.

माझ्या पहिल्या दसऱ्याला मीही ढकलायला होतो. गेटाबाहेर गाडी थांबली. वकीलसाहेब समोरच्या काचेला धरून उभे राहिले. लोक जमलेच होते. शेजारचे जोशीकाका मला कानात म्हणाले, "ऐका आता."

"लोकहो!" वकीलसाहेब म्हणाले. "ही मेमसाहेब चालत का नाही? आमच्या कुमुदला हिची दया आली! दौलताबादच्या घाटात ही तापली. तर कुमुदनं काय करावं?"

जोशीकाकांनी ठरल्यासारखा सूर दिला, "मग वकीलसाहेब, पुढं?"

"पुढं काय! कुण्या बाईच्या घागरीतलं गारेगार पाणी पाजलं तिला! म्हटलं, बाई गं, मोटार आहे का म्हैस?"

लोक हसले. जुनी माणसं तर "म्हैस" शब्द यायच्या आधीच हसायला लागली. बाई परडीतलं सोनं वाटत होत्या. मला पान देताना त्या म्हणाल्या, "सोन्यासारखे राहा," आणि पुढच्या माणसाकडं वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मला काही वाचता आलं नाही. पण वीस-बावीस दसरे त्या हेच ऐकत आल्या असतील, असं मनात आलं आणि माझं हसू अर्ध्यातच राहिलं.

त्यांची बाजू मला पुढं कळली. रोज शाळेतून आल्यावर त्या सरळ घरात जात नसत. शेडमध्ये जाऊन त्या मोटारीत सुकाणूमागं बसायच्या, चष्मा काढून समोर ठेवायच्या, डोकं मागं टेकायच्या. आतून "कुमुद!" अशी हाक येईपर्यंत. हाक आली की चष्मा लावून उठायच्या. एकदा मी सायकल लावत होतो तेव्हा त्यांनी हाक मारली आणि शेजारच्या सीटकडं बोट केलं. मी अंग चोरून बसलो.

"अण्णा सांगतात ते खोटं नाही," त्या म्हणाल्या. "मी कॉलेजात होते. ड्रायव्हरनं गुपचूप शिकवलं होतं. एक दिवस कुणाला न सांगता घेऊन गेले. घाटात वाफ यायला लागली. शेतातून एक बाई आली, डोक्यावर घागर. म्हणाली, 'पोरी, किती तापलीय बिचारी, पाज की तिला.' आपल्याकडं उन्हातून आलेल्याला आधी पाणी देतात. मला तेच बरोबर वाटलं. ओतलं, आणि आत टण्णकन आवाज झाला. देवळातल्या घंटेसारखा."

इंजिनाच्या बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, तडा गेला होता. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की असं होतं. वेल्डिंग करून पाहिलं, तडा पुन्हा उघडला. तसलं दुसरं इंजिन इथं मिळेना.

"मला पुढं शिकायला हैदराबादला जायचं होतं," बाई म्हणाल्या. "अण्णा म्हणाले, जिला एक मोटार सांभाळता आली नाही ती हैदराबादला काय सांभाळणार. झालं." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "म्हशीला पाजलं असतं तर काही झालं नसतं."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी गावी जाऊन आलो आणि गप्पांत त्यांना सांगितलं, की वैजापूरच्या मोंढ्यातल्या एका कांदा व्यापाऱ्याची अँबॅसिडर ओढ्यात उलटली, माणसं वाचली, गाडीचा मात्र चेंदामेंदा झाला. बाई वह्या तपासत होत्या. त्यांनी मान वर केली.

"पुढून की मागून?"

"मागून. छत आणि डिकी गेली."

"म्हणजे इंजिन शाबूत असेल." लाल पेन्सिल त्यांनी खाली ठेवली. "निकम, येत्या दसऱ्याला मला ती चालवत न्यायचीय. ढकलत नाही. आणि सुकाणू मी धरणार. अण्णांना शेजारी बसवून."

एवढंच बोलल्या. पण त्यांना काहीतरी हवंय असं मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो.

इंजिन कांद्याच्या ट्रकमधून, कांद्याच्या गोण्यांवर बसून आलं. पुढं किती दिवस त्याला कांद्याचा वास येत होता. वकीलसाहेबांना कळलं तेव्हा त्यांनी खाटेवरून गर्जना केली. "मेमसाहेबच्या पोटात कांदेवाल्याचं काळीज? माझ्या हयातीत नाही!" बाईंनी वाद घातला नाही. "अण्णा, जेवून घ्या," म्हणाल्या, आणि रविवारी सकाळी गल्लीतल्या माणसांना बोलावून मोटार हमीदभाईंच्या गॅरेजकडं काढली. ढकलण्याचा तो ओळखीचा गलका ऐकून आतून आवाज आला, "कुमुद! आज काय दसरा आहे का?"

"नाही अण्णा. दसऱ्याची तयारी आहे."

हमीदभाईंचं गॅरेज रोशन गेटकडं होतं. माणूस वयस्कर, बारीक, जिभेचा तिखट. त्यांनी मोटारीभोवती एक फेरी मारली, मग इंजिनाभोवती मारली, आणि म्हणाले, "बाई, पेट छोटा हय, कलेजा बड़ा हय. कैसा समाता?"

"समाता," बाई म्हणाल्या. "मी मोजलंय."

खरंच मोजलं होतं. शाळेतली फूटपट्टी घेऊन त्यांनी इंजिन आणि गाडीचं पोट दोन्ही मोजलं होतं आणि पुठ्ठ्याचं एक इंजिन करून आणलं होतं. पुठ्ठ्याचं इंजिन आत बसलं. खरंही बसलं, वर-खाली, डावीकडं-उजवीकडं, सगळीकडं. हमीदभाईंनी पाना उचलला आणि आत घालायला गेले, तर हात जाईना.

"हिसाब बरोबर हय बाई. पन ये हात किधर से डालूँ?"

बाई हसल्या. नट आवळायला माणसाचा हात लागतो, त्याची जागा त्यांनी मोजलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी त्या पुठ्ठ्याचा एक हातही करून घेऊन आल्या. त्यावरून इंजिन किती मागं सरकवायचं आणि किती तिरकं बसवायचं ते ठरलं. हमीदभाईंनी तो पुठ्ठ्याचा हात भिंतीवर खिळ्याला टांगला. नवीन पोऱ्या काही धसमुसळेपणा करायला लागला की ते त्याच्याकडं बोट दाखवायचे, "उस्ताद को देख."

मग एकेक अडचण निघत गेली. इंजिन बसवायला नवे पाय वेल्ड करावे लागले. चाकांकडं जाणारा दांडा लांब पडला, तो खरादीच्या लेथवर नेऊन कापून आखूड केला. अँबॅसिडरचा गिअर सुकाणूपाशी, हिचा खाली पायापाशी. त्या जुळणीत श्रावण गेला. शेवटी बॉनेट लागेना, दोन बोटं वर राहायचं. वर राहिलं तर राहू द्या, असं ठरवून हमीदभाईंनी टांगेवाल्यांच्या बाजारातून घोड्याचा चामडी पट्टा आणला आणि बॉनेटवरून आवळून टाकला. मेमसाहेबला आता कंबरपट्टा झाला होता.

या सगळ्या महिन्यांत बाई रोज शाळा सुटल्यावर गॅरेजला जायच्या. काम बघायला जातात असं मला आधी वाटलं. पण त्यांची बसायची जागाच तिकडं गेली होती. मोटार चार ठोकळ्यांवर उभी, पुढचं पोट रिकामं, आणि बाई सुकाणूमागं बसून वह्या तपासतायत. मग घरी येऊन वडलांची अंघोळ, जेवण, औषधं. दोन ठिकाणची धावपळ त्यांच्या अंगावर दिसायला लागली. शाळेत फळ्याला हात टेकून शिकवू लागल्या. मी म्हणालो, "बाई, पुढच्या दसऱ्याला केलं तर?" त्या म्हणाल्या, "पुढच्या दसऱ्याला अण्णा असतील का, हे कोण सांगतं? ते नसताना चालवली तर ती नुसती मोटार."

एका संध्याकाळी मी त्यांना घरचा निरोप द्यायला गॅरेजला गेलो. आत शिरतो तर सगळं शांत. हातोडी बंद, रेडिओ बंद, पोरं भिंतीला टेकून बसलेली. हमीदभाईंनी ओठांवर बोट ठेवलं. बाई सुकाणूवर डोकं ठेवून झोपल्या होत्या. लाल पेन्सिल बोटांत तशीच.

"कबसे?" मी हळूच विचारलं.

"अस्र की नमाज पढ़ के आया तबसे," हमीदभाई कुजबुजले. म्हणजे ऊन कललं तेव्हापासून. "कायकू उठाना? घर में सोने नइं मिलता होएगा बिचारी को."

बाहेर एक ट्रकवाला आपलं काम अडलं म्हणून कुरकुरत उभा होता. त्याला हमीदभाईंनी बाजूला नेऊन चहा पाजला. निरोप मी दिलाच नाही. घरी जाऊन वकीलसाहेबांना सांगितलं, बाईंना उशीर होईल. ते म्हणाले, "कुणी सांगितलं?" मी म्हणालो, "हमीदभाईंनी." त्या दिवशी त्यांच्या ताटात भात मी वाढला.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तो नवरात्रातला दिवस होता. मेमसाहेब पूर्वी कशी गुणगुणत चालायची ते मी वकीलसाहेबांच्या तोंडून पुष्कळ ऐकलं होतं. हे इंजिन मात्र तहसीलदाराची गाडी दारात यावी तसं बोललं. बाई ऐकत उभ्या राहिल्या. "आवाज कांदेवाल्याचाच आहे," म्हणाल्या. मग पदरानं कपाळ पुसलं. "असू दे. मला गाणं ऐकायचं नाही, गेटाबाहेर जायचंय."

हमीदभाईंनी एकच ताकीद दिली. रेडिएटर जुना आणि लहान, इंजिन मोठं. मोकळ्या रस्त्यावर वारा लागेल तोवर ठीक. "भीड़ में धीरे-धीरे नक्को चलाना बाई. गरम होती."

दसऱ्याच्या दिवशी गर्दी नाही तर काय असणार? सगळं शहर कर्णपुऱ्याच्या देवीला निघालेलं. वकीलसाहेब शेरवानी घालून बसले खरे, पण तोंड दुसरीकडं करून. रीत मोडायची नव्हती म्हणून बसले. बाई सुकाणूमागं बसल्या. नेहमीची बदामी साडी, फक्त पदर खोचलेला. गल्लीतली माणसं नेहमीप्रमाणं जमली आणि नेहमीप्रमाणं सगळ्यांनी मागं हात लावले, पाय रोवले, अंगाचा भार टाकला. गाडी आता चालते हे सगळ्यांना माहीत होतं. पण दसरा म्हणजे ढकलणं, इतकी वर्षं हेच केलेलं. बाई मागं वळून म्हणाल्या, "हात काढा." ढोल वाजत होता, कुणाला ऐकू गेलं नाही. त्यांनी इंजिन सुरू केलं, गिअर टाकला, आणि मोटार पुढं गेली.

मागं सगळे उपडे. जोशीकाका दोन्ही हातांवर आणि गुडघ्यांवर, उपरणं गळ्यातून पुढं लोंबतंय. त्यांच्या पाठीवर शिंपीकाका. कुणाची टोपी मोटारीच्या जादा चाकावर अडकून पुढं निघून गेली. गॅलरीतल्या बायका पोट धरून हसत होत्या. "अगं थांब! लोक पडले!" वकीलसाहेब मागं वळून ओरडले. बाई थांबल्या नाहीत.

मी सायकल घेऊन मागं निघालो. गुलमंडीपासून पैठण गेटपर्यंत माणसाला माणूस लागलेला. बाई पावलापावलानं गाडी काढत होत्या. लोक वाट देत होते, पोरं कंबरपट्ट्याला हात लावून बघत होती. गेट आलं. गाडी बाहेर पडली. मी सायकलवरच टाळी वाजवली आणि पडता पडता वाचलो.

गेटाबाहेर थोडं अंतर गेल्यावर नाकातून वाफ यायला लागली. बाईंनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मी पोचलो. पाठोपाठ जोशीकाका आणि मंडळी धापा टाकत, कपडे झटकत आली. लोक जमायला वेळ लागला नाही. वकीलसाहेबांनी वाफ पाहिली, जमलेले लोक पाहिले, आणि त्यांच्यात एकदम जीव आला. काचेला धरून ते उभे राहिले.

"पाहा लोकहो! मी काय सांगत होतो? आमच्या कुमुदनं..."

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी पुढं आली. गेटाजवळ झेंडू विकत बसलेली, फुलं ताजी ठेवायला पाण्याची घागर जवळ असलेली. तिनं घागर कमरेवर घेतली होती, हातात लोटा. "बाई, लई तापलीय गं तुझी गाडी," ती म्हणाली. "घे, पाज तिला."

वकीलसाहेब बोलता बोलता थांबले. ही गोष्ट आम्ही सगळ्यांनी इतक्या वेळा ऐकलेली होती आणि आता ती समोर उभी होती, घागर घेऊन. मी बाईंकडं पाहत होतो. त्यांनी हात पुढं केला आणि लोटा घेतला.

"देवानं तुला पाठवलं, आजी," त्या म्हणाल्या. "पण तिला नको. ती निवू दे आधी." मग वडलांकडं वळून लोटा त्यांच्यापुढं धरला. "अण्णा, तुम्ही प्या. ऊन लागलंय तुम्हाला."

वकीलसाहेबांनी लोट्याकडं पाहिलं. मुलीकडं पाहिलं. मग ते खाली बसले आणि पाणी प्याले. खूप प्याले. थोडं शेरवानीवर सांडलं. बाईंनी लोटा घेऊन उरलेलं स्वतः पिऊन टाकलं, म्हातारीला परत दिला, आणि चष्मा काढून समोर ठेवला. डोकं मागं टेकलं. रोज शेडमध्ये बसायच्या अगदी तशा. फक्त आज शेजारी वडील होते आणि भोवती सगळं शहर चाललं होतं.

लोक उभे होते. पुढं काय करायचं कुणाला कळत नव्हतं. जोशीकाकांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "मग वकीलसाहेब, पुढं?"

वकीलसाहेबांनी वर पाहिलं नाही. "पुढं काय," ते म्हणाले. "निवेपर्यंत बसायचं."

आणि ते दोघं बसून राहिले. पुष्कळ वेळ. बाईंना बहुतेक डुलकी लागली. वकीलसाहेबांनी त्या सबंध वेळात "कुमुद" म्हणून हाक मारली नाही. परडी मोटारीतच राहिली होती, ती उचलून सोनं मी वाटलं.

पुढच्या वर्षी मला वैजापूरला सरकारी शाळेत नोकरी लागली. खोली सोडली तेव्हा बाईंनी मला खडूंची एक पेटी दिली. दसऱ्याची ती म्हशीची गोष्ट वकीलसाहेबांनी नंतर सांगितली नाही, असं जोशीकाका म्हणाले. पुढं वकीलसाहेब गेले. पत्रं मीच कमी लिहिली, बाईंची दोन ओळींची उत्तरं यायची, मग तीही थांबली.

शेवटचं त्यांना पाहिलं ते एसटीच्या खिडकीतून. मी जालन्याकडं निघालो होतो. शेंद्र्यापाशी तेव्हा कारखान्यांचे पत्रे चढायला लागले होते, रस्ता खणलेला, बस मुंगीच्या पावलानं चाललेली. रस्त्याकडेच्या लिंबाखाली ती मोटार उभी होती. रंग आणखी उडालेला, घोड्याचा पट्टा सुटून बाजूला लोंबत होता, बॉनेट उघडं. शेजारच्या सीटवर, जिथं वकीलसाहेब बसायचे तिथं, गॅसचं सिलिंडर दोरीनं बांधून ठेवलेलं. बाई सुकाणूमागं होत्या. केस पांढरे झाले होते. चष्मा समोर काढून ठेवलेला, डोकं मागं टेकलेलं, डोळे मिटलेले. मला खाली उतरावंसं वाटलं, तोवर बस पुढं सरकली. हाक मारणार होतो, पण त्यांना त्या जागेवरून हाकेनं उठताना मी फार वेळा पाहिलं होतं. नाही मारली.

मडगार्डवर पाण्याचा तांब्या होता, वर वाटी झाकलेली.